खड्याचं दुखणं

२ डिसेंबर, सोमवार

मागच्या दिवाळीत नेहानं ही डायरी दिली होती. "मम्मी, तू काही बोलत नाहीस, लिहीत तरी जा," म्हणाली होती. सगळी पानं कोरीच राहिली. आज लिहिते, कारण आज बोलायला खरंच जमत नाही.

रिपोर्ट आला. डाव्या छातीत जी गाठ हाताला लागत होती ती कॅन्सरची आहे.

मी आदिलाबादजवळच्या इचोड्यात घरीच बायकांचे ब्लाउज शिवते. नेहा पाळण्यात होती तेव्हापासून हेच करते आहे. कोणाचा खांदा उतरता, कोणाची एक बाजू भरलेली, टेप लावला की माझ्या बोटांना समजतं. स्वतःची गाठ मात्र आंघोळीच्या साबणाला आधी समजली.

नागपूरहून डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा माझ्या हातात कात्री होती. नेहाच्या पप्पांनी फोन मोठ्या आवाजात लावून मशीनवर ठेवला. बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, "कॅन्सर आहे, पण फार पसरलेला दिसत नाही. ऑपरेशन करू, मग इंजेक्शनं. घाबरून बसू नका, लवकर या." हे फक्त "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत होते. मोटर वाइंडिंगचं दुकान आहे यांचं, हाताला तेल लागलेलं होतं, तोच हात डोळ्यांना लावला.

मागच्या पडवीत सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. नशीब, त्यांना कमी ऐकू येतं. थोड्या वेळानं मी तिकडं गेले तर दाणे आणि टरफलं एकाच टोपल्यात मिसळलेली. "आत्याबाई, हे काय केलं?" म्हटलं, तर म्हणाल्या, "डोये गेले माय आता माहे." वय झालं त्यांचं. मी बसून सगळं निवडलं. तेवढाच वेळ बरा गेला.

६ डिसेंबर, शुक्रवार

नेहा नागपूरला नोकरीला आहे, ती रात्रीच्या बसनं आली. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं. मोठा प्रश्न आत्याबाईंना काय सांगायचं हा होता.

माझी नणंद रेणुकाताई याच दुखण्यानं गेली. मंचेरियलला दिली होती तिला. आत्याबाई तिच्या घरी जाऊन राहिल्या, न्हाऊ घालण्यापासून सगळं त्यांनीच केलं. दोन इंजेक्शनं झाल्यावर रेणुकाताईनं उपचार सोडून दिले. तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द कोणी काढत नाही. टीव्हीवर तंबाखूची सूचना लागली तरी हे चॅनल बदलतात.

"मायले समजलं तर ते हाय खाईन," हे म्हणाले. "काहीबी सांगा, पन हे नोको."

नेहानं तोड काढली. पित्ताशयात खडे झाले, असं सांगायचं. खडे कोणालाही होतात, ऑपरेशनही होतं.

संध्याकाळी सांगितलं. आत्याबाईंनी विचारलं, "कोन्या बाजूले हाय खडा?"

हे म्हणाले उजव्या, मी म्हणाले डाव्या, दोघंही एकदमच. नेहा म्हणाली, "दोन्हीकडे आहेत, आजी."

आत्याबाई आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "असू शकते. मोठा असन," आणि ताटातली भाकर मोडायला लागल्या. पटलं त्यांना. मला हलकं वाटलं.

११ डिसेंबर, बुधवार

उद्या निघायचं. उटनूरच्या एका टीचरबाईंचे लग्नातले ब्लाउज राहिले होते ते आज पुरे केले. ब्लाउजला त्या जाकेट म्हणतात. "अक्का, जाकेट छान झालं," म्हणून त्या आरशासमोर फिरून फिरून पाहत होत्या. मी त्यांच्या पाठीमागं उभी राहून टाचण्या काढत होते. आरशात त्यांच्यामागं मी दिसत होते. पुन्हा अशी दिसणार नाही, असं मनात आलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या अंगाला कपडा बसवला. आता मला काय बसेल, हे मलाच माहीत नाही. मरायची भीती वाटते, ती आहेच. पण खरं सांगायचं तर याची भीती आज जास्त वाटली. कोणाला सांगणार?

रात्री पिशवी भरताना आत्याबाईंनी दोन पोलकी आणून दिली. त्यांच्याच जुन्या मऊ लुगड्याची, हातानं शिवलेली, समोरून पूर्ण उघडणारी, नाडीची. "खड्याच्या मानसाले डोक्यातून घालता येत नाही," म्हणाल्या. पोटाच्या ऑपरेशनला पोलक्याचं काय अडतं? पण दवाखान्याच्या सिस्टरनं फोनवर नेमकं असंच काहीतरी आणायला सांगितलं होतं. योगायोगच म्हणायचा.

१९ डिसेंबर, गुरुवार

घरी आले. डावी बाजू पूर्ण काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. काखेतून एक नळी बाहेर आहे, तिला डबी लावलेली. थंडी कडाक्याची आहे म्हणून शालीखाली सगळं झाकून जातं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे, डावा हात वर करून ओझं काढायचं नाही, त्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही. घरी येऊन पाहते तर आत्याबाईंनी स्वयंपाकघर सगळं बदललेलं. तिखटमिठाचे, डाळीचे डबे वरच्या फळीवरून खाली. पाण्याची कळशी ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात. "मले आता वर हात पुरत नाही," म्हणाल्या. त्यांच्यासाठी केलं, पण फायदा माझाच झाला.

झोपायला गेले तर त्यांनी माझ्या डाव्या हाताखाली उशी सरकवली. "हात असा उच्चा ठेवून झोप. खड्याच्या मानसाच्या पोटाले ताण नाही येत."

नेहा हसू दाबायला बाहेर पळाली. काहीही बोलतात आत्याबाई. हाताला मात्र बरं वाटलं.

२७ डिसेंबर, शुक्रवार

परवा नागपूरला जाऊन नळी काढली. आज नेहा कामावर परत गेली, म्हणून जखम पुसायचं काम यांच्यावर आलं. मी म्हटलं, मी करून घेते. हे म्हणाले, "एका हातानं कशी करशीन?"

दार लावून घेतलं. मी भिंतीकडे तोंड केलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला वाटत होतं की यांनी पाहूच नये. हे नुसता कापूस ओला करून हळूहळू पुसत होते, तांब्याची बारीक तार गुंडाळतात ना मोटरमध्ये, तसं. मला राहवलं नाही. विचारलं, "कसं दिसते?"

"टाके सरळ हायेत," हे म्हणाले. "तुह्या हातासारखे."

मग माझ्या पाठीला कपाळ टेकवून बसून राहिले. मी भिंतीकडे पाहून रडले. यांना दिसलं नसेल.

९ जानेवारी, गुरुवार

मोठा रिपोर्ट आला. काखेतल्या गाठीत फारसं काही नाही. मशीनखाली रेडिएशनचा शेक द्यावा लागणार नाही, पण इंजेक्शनं घ्यायचीच, दर तीन आठवड्यांनी, सहा वेळा. सोमवारपासून सुरू.

आज घरी शिवत बसले होते तेव्हा गंमत झाली. शेजारच्या बयनाबाई आल्या. त्यांचा स्वभाव खोदून विचारायचा. "काऊन वो रंजीता, खड्याच्या आपरेशनले एवढे दिवस? माह्या जावेले तर तिसऱ्या दिवशी घरी पाठोलं." मी टेप गुंडाळायला लागले.

आत्याबाई दारात ब्लाउजला हुक लावत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "तुह्या जावेचा खडा वाटाण्याएवढा असन. हिचा बोराएवढा होता. डाक्टरनं बरणीत घालून दाखोला, मी सोता पायला. काळा कुळकुळीत."

बयनाबाईंनी विषय सोडला. चहा पिऊन गेल्या.

आत्याबाई नागपूरला आल्याच नव्हत्या. बरणी कुठं पाहिली त्यांनी? स्वप्नात पाहिली असेल. मी यांना सांगितलं, मायला भास होतात, एकदा दाखवून आणा. हे माझ्याकडे पाहतच राहिले आणि म्हणाले, "आनू."

१९ जानेवारी, रविवार

पहिलं इंजेक्शन झालं. दोन दिवस काही वाटलं नाही, मग अंगातलं सगळं कोणी पिळून काढल्यासारखं झालं. तोंडाला चव नाही. फोडणीचा वास आला की उलटी.

आत्याबाईंनी चूल मागच्या अंगणात मांडली. एवढ्या थंडीत बाहेर बसून भाजी फोडणीला टाकतात. मला ज्वारीची आंबील करून देतात, पातळ, वरून थोडं ताक. वाटीभर पोटात राहते. "गॅसची आग मले सोसत नाही, चूल बरी," म्हणतात. गॅस आणला तेव्हा आत्याबाईंनीच गल्लीभर साखर वाटली होती.

केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेसाठी ब्लाउज शिवून मागणाऱ्या बायका येऊन जातात. मी खुर्चीत बसून कापते, आत्याबाई तुरपाई करतात. त्यांचे डोळे गेले म्हणतात, पण टाका बारीक पडतो.

२ फेब्रुवारी, रविवार

केस गेले. कंगव्यात आले, उशीवर आले, मग सकाळी हात फिरवला तर मूठभर हातातच. हे केस कापायचं मशीन घेऊन आले आणि उरलेले काढून टाकले. स्कार्फ बांधून आत्याबाईंसमोर गेले. काय सांगायचं, ते आधी ठरवून ठेवलं होतं.

"खड्याचं औषध लय गरम असते, आत्याबाई. त्यानं..."

"जातेच केस खड्याच्या औषधानं," त्या म्हणाल्या. "बयनाबाईच्या भावाचे गेलते. मंग असे दाट आले का कंगवा मोडे."

बयनाबाईच्या भावाला मी ओळखते. त्याला जन्मापासून टक्कल आहे. पण मी हो म्हटलं.

दुपारी त्यांनी तिळाचं तेल कोमट केलं आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. मला लाज वाटली, इतक्या वर्षांत मी कधी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं नव्हतं. आमचं तसं भांडणाचंच नातं, मिठावरून, सोवळ्यावरून, नेहाच्या जीन्सवरून. त्या माझ्या डोक्यावरून सावकाश हात फिरवत होत्या. डोळे मिटले तर माझी आईच असल्यासारखी वाटली. मध्येच त्यांचा हात थांबला, पुन्हा सुरू झाला.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुसरं इंजेक्शन झालं. हे पहिल्यापेक्षा वाईट गेलं. तोंडात फोड आले, पाणी गिळवत नाही. ताप चढला म्हणून आदिलाबादच्या दवाखान्यात दोन दिवस ठेवलं. आता मला पुढचं घ्यायचं नाही. गाठ काढून टाकली आहे. रिपोर्ट चांगला आहे. मग कशासाठी?

यांना सांगितलं. यांनी समजावलं, मग चिडले, मग मोटरीला तार गुंडाळत बसले. नेहा फोनवर रडली. मी तिला म्हटलं, माझं अंग आहे, मी ठरवते. म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यावर मलाच भरून आलं. मी थकले आहे, एवढंच खरं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सोमवारी इंजेक्शनला जायचं आणि मी पिशवी भरली नव्हती. दुपारी हे दुकानात होते. आत्याबाई माझ्या पलंगाशेजारी येऊन बसल्या, हातात कोणाचातरी ब्लाउज, हुक लावायला. सुईत दोरा त्यांनी माझ्याकडूनच ओवून घेतला.

"माहा भूषण म्हने, तू दवाखान्यात येत नाही म्हनून राह्यली."

"हो आत्याबाई. खडा तर निघाला. आता कायले औषध घेऊ? सोसत नाही."

"निघाला त निघाला. पन खड्याचा बारीक कन राहून जाते अंगात. डोयाले दिसत नाही, मशीनले दिसत नाही. औषध अर्ध सोडलं का थो कन मोठा होते. मंग डाक्टरच्या हातात काई राहत नाही."

"तुमाले कोनं सांगतलं?"

"मी पायलं हाय." त्यांनी दोरा दातानं तोडला. "एक पोरगी होती. तुह्याच वयाची. तिलेबी असाच खडा झालता. दोन सुया घेतल्या अन् म्हने, माय, मले नाही सोसत. तिचे हाल पायवत नोते. सगळे म्हने राहू द्या, तिले निवांत राहू द्या. तिले निवांत ठेवलं. सा महिन्यानं खडा परत आला."

त्यांनी पुढचा हुक लावला.

"मी तुले राहू दे म्हननार नाही, रंजे. तुह्या तोंडात फोड येऊ दे, ताप येऊ दे, मी रातभर बसतो. तुले वाटलं तर मले शिव्या दे. पन तू जाय. सारं पुरं कर."

त्यांचा आवाज काही हलला नाही. मी मात्र हलले. "जातो," म्हटलं.

त्या उठून गेल्यावर क्षणभर मनात आलं, आत्याबाईंना समजलं तर नाही ना? पण नाही. समजलं असतं तर इतक्या शांतपणे हुक लावत बसल्या असत्या का? माझं आजारपण पाहून रेणुकाताईची आठवण आली असणार, म्हणून खड्यातही त्यांना तेच दिसलं. बिचाऱ्या. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, कल्पनाच करवत नाही.

पिशवी भरली.

१३ एप्रिल, रविवार

मध्ये लिहिलं नाही. लिहायला हात उचलत नव्हता. तिसरं, चौथं, पाचवं झालं. प्रत्येक वेळी वाईट, पण आता वाईट ओळखीचं झालं आहे. कोणत्या दिवशी पडून राहायचं आणि कोणत्या दिवशी कात्री हातात घ्यायची, ते समजतं. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम करते. आत्याबाईही माझ्या शेजारी उभ्या राहून भिंतीवर बोटं चालवतात. त्यांचाही खांदा धरला आहे म्हणे.

आज एक छान गोष्ट सुचली. उन्हामुळं शाल घेता येत नाही आणि एक बाजू रिकामी दिसते. कापूस भरून पाहिला, तो हलका, वर सरकतो. नेहानं दुकानातून तयार पॅड आणायचं म्हटलं होतं, पण दवाखान्यात घालून पाहिलं तेव्हा ते मला टोचलं.

आत्याबाई दोन दिवसांपासून मोहरी निवडत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, बयनाबाईच्या नातवाला मोहरीची उशी करते, बाळाचं डोकं गोल होतं. आज मशीनवर ती उशी ठेवलेली दिसली. मऊ मलमलची, गोल, एका बाजूला फुगीर. हातात घेतली तर वजन बरोबर, हाताला बरोबर. बाळाच्या डोक्याला तर ती फारच लहान होती. मी दार लावलं, ब्लाउजला आतून खिसा शिवला आणि ती त्यात घालून पाहिली. आरशासमोर उभी राहिले, टेप लावला. दोन्ही खांदे सारखे आले.

देवानंच सुचवलं, दुसरं काय. आत्याबाईंना म्हटलं, ती उशी मला द्या, मला एका कामाला पाहिजे. "घे माय," म्हणाल्या. "बाळाले दुसरी करतो." आणखी म्हणाल्या, "धुवाले लागन, तुले बी एक जास्तीची करून ठेवतो."

बयनाबाईला नातू आहे, पण तो शाळेत जातो, हे मला आत्ता लिहिताना आठवलं. विसरतात आत्याबाई.

२२ मे, गुरुवार

नागपूरहून आलो. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. "उपचार पूर्ण झाले," म्हणाल्या. "आता रोज एक गोळी, काही वर्षं. दर तीन महिन्यांनी मला तोंड दाखवायचं. आज तुमच्या अंगात मला कुठं काही दिसत नाही." पुढं कधीच होणार नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी विचारलंही नाही. बाहेर येऊन नेहासह आम्ही तिघांनी उसाचा रस प्यायला. हे दुसरा ग्लास पिताना रडले आणि रसवाल्याला वाटलं की बर्फ दाताला लागला.

बसमध्ये मी ठरवलं, आत्याबाईंना आता खरं सांगायचं. संकट गेलं आहे, आता त्यांना त्रास होणार नाही. हे म्हणाले, "तुह्या मनात असन तर सांग."

२३ मे, शुक्रवार

सांगितलं. मला वाटलं होतं त्याहून फार वेगळं झालं.

दुपारची जेवणं झाली होती. आत्याबाई कूलरसमोर बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसून त्यांचे दोन्ही हात धरले.

"आत्याबाई, मले खडा नोता झाला."

"मंग?"

"रेणुकाताईले झालतं, थे झालतं मले. डाव्या बाजूले. काढून टाकलं. इंजेक्शनं त्याचीच होती."

त्यांनी विचारलं, "आता?"

"आता काही नाही. डॉक्टरीनबाई म्हनल्या, कुठंच काही दिसत नाही."

"पुन्हा सांग."

"कुठंच काही दिसत नाही, आत्याबाई."

त्यांनी हात सोडवून घेतला आणि माझ्या डाव्या बाजूवर ठेवला, ब्लाउजवरून, अगदी हलका. आणि मग त्या रडायला लागल्या. असं रडणं मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं, रेणुकाताईच्या वेळीही नाही. आधी आवाजच नव्हता, मग इतका मोठा आला की बयनाबाई भिंतीपलीकडून "काय झालं वो" म्हणत आल्या आणि दारातूनच परत गेल्या. मला छातीशी धरून "माही पोर, माही पोर" म्हणत राहिल्या. मला म्हणत होत्या का रेणुकाताईला, ते समजलं नाही. मी घाबरले. पाणी दिलं, पाठ चोळली, "झालं ना आता, सारं पुरं झालं," म्हणत राहिले.

रडून रडून त्या माझ्या मांडीवरच झोपल्या. भर दुपारी, उघड्या दारात. त्या कधी दिवसा झोपत नाहीत. एक बाई माप द्यायला आली, तिला मी खुणेनंच उद्या ये म्हटलं. माझे पाय बधिर झाले पण मी हलले नाही. दिवेलागणीपर्यंत त्या तशाच झोपलेल्या होत्या, तोंड थोडं उघडं, लहान मुलासारख्या.

हे दुकानातून आले तेव्हा मी हळूच सांगितलं, "पाहा, आता सांगितलं तर ही अवस्था. आधी सांगितलं असतं तर झेपलं असतं का त्यांना? आपण लपवलं तेच बरं केलं."

यांनी कूलरचं तोंड थोडं बाजूला वळवलं, खुंटीवरची माझी ओढणी काढली आणि मायच्या पायांवर घातली. मग तिथंच, तिच्या पायाशी, जमिनीवर बसून राहिले.